मूळचे किती, पुरवणीत किती?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना भेटायला गेलो होतो. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली आहेत. १९९८ च्या सुमारास शाळेत पहिला संगणक आला, तेव्हा बाई स्वतः मराठी टंकलेखन शिकल्या आणि वर्गात करून पाहिलेल्या प्रयोगांची टिपणे त्यांनी त्या संगणकावर उतरवून ठेवली. अशा चाळीसएक फाइली होत्या. जुन्या फ्लॉपीवरून त्या नव्या संगणकावर आणल्या आणि उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरे, चलनांच्या खुणा आणि कंस यांचा नुसता काला! बाईंनी विचारले, "माझे मराठी गेले कुठे?"

खरे उत्तर द्यायला आम्हांला जड गेले. मराठी त्या फाइलींत कधी नव्हतेच. फाइलींत रोमन अक्षरांचे आणि खुणांचे क्रमांक होते; त्यांच्या जागी देवनागरीची चित्रे दाखवण्याचे काम एक वेगळा अक्षरसंच, म्हणजे फाँट, करत होता. तो अक्षरसंच पुढे बंद पडला आणि त्याबरोबर मराठीही दिसेनासे झाले.

परीक्षेच्या कामाची सवय असलेल्या शिक्षकांना ही गोष्ट लगेच कळेल. मुख्य उत्तरपत्रिका प्रत्येकाला मिळते. पुरवणी हात वर करून मागावी लागते. ती मागता येते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला ती मिळत नाही. आणि नीट बांधली नाही, तर वाटेत गळून पडते. संगणकावरच्या आज्ञावलीतही असेच दोन भाग असतात: काही सोयी मूळच्याच, तर काही हवी असेल त्याने वेगळ्या आणून जोडायच्या. कोणती सोय कुठे असावी यावर गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. त्यात सर्वांत बोधप्रद इतिहास आहे तो टेक्स्ट एडिटरचा. मजकूर टंकायचा, खोडायचा, शोधायचा, बदलायचा, एवढेच काम करणारी ही साधी आज्ञावली. तिच्या इतिहासात बाईंच्या प्रश्नाचे उत्तरही सापडते.

ज्याची त्याची पुरवणी

१९६२-६३ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत डॅन मर्फी यांनी पीडीपी-१ या संगणकासाठी 'टेको' नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी मजकूर भोके पाडलेल्या कागदी फितीवर साठवत. टेकोच्या आज्ञा एकेका अक्षराच्या होत्या आणि जवळजवळ प्रत्येक अक्षराला काही ना काही अर्थ होता. आपले नाव आज्ञा म्हणून टंकले तर मजकुराचे काय होईल, हे ओळखण्याचा खेळ तिथले लोक खेळत!

अशा आज्ञांची साखळी करून ती साठवून ठेवता येई. तिला 'मॅक्रो' म्हणत. पुढे एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनी टेकोमध्ये एक सोय घातली. कळफलकावरची कोणतीही कळ दाबली असता आपल्या मनाजोगता मॅक्रो चालावा, अशी व्यवस्था झाली. एडिटरने एक दार उघडे ठेवले आणि जो तो आपल्या पुरवण्या घेऊन आत शिरला.

परिणाम काय झाला? प्रत्येकाने आपली कळवाटणी केली. एकाची जी कळ शब्द पुसे, ती दुसऱ्याची ओळ पुसे. मित्राच्या जागेवर बसून त्याला मदत करणे अवघड झाले. शाळेत प्रत्येक शिक्षकाने स्वतःची चिन्हे ठरवून वर्गपाठ तपासावेत, तशी ही गत. तेव्हा १९७६ साली गाय स्टील यांनी या सगळ्या मॅक्रोंतून एक सामाईक संच करण्याचे काम हाती घेतले आणि स्टॉलमन यांनी ते तडीस नेले. या संचाला नाव मिळाले 'इमॅक्स', म्हणजे संपादनाचे मॅक्रो. तो घेणाऱ्याला एक अट होती: सुधारणा केलीत तर ती परत आणून द्यायची.

इमॅक्सचा जन्मच असा पुरवण्यांतून झाला. काय उपयोगाचे आहे हे आधी बाहेर, अनेकांच्या हातून ठरले. मग त्यातले सर्वांना लागणारे ते एकत्र बांधले गेले.

चौसष्ट सेकंदांचा पडदा

त्याच सुमारास अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, बर्कलीच्या विद्यापीठात, बिल जॉय नावाचा विद्यार्थी नेमका उलटा मार्ग चोखाळत होता. त्याच्यापुढे केन थॉम्पसन यांनी १९६९ साली युनिक्ससाठी लिहिलेला 'एड' हा एडिटर होता, आणि लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातील जॉर्ज कूलुरिस यांनी एडवरून केलेला 'ईएम' होता. एड वापरायला इतका अवघड की कूलुरिस यांनी आपल्या एडिटरला 'सामान्य मर्त्य माणसांचा एडिटर' असे गमतीचे नाव दिले. या धाग्यातून १९७६ नंतर जॉय यांचा 'व्हीआय' घडला.

जॉय घरून काम करत तेव्हा दूरध्वनीच्या तारेवरून सेकंदाला ३०० बिट येत. एका अक्षराला आगेमागेच्या खुणांसह १० बिट धरा, म्हणजे सेकंदाला ३० अक्षरे झाली. पडद्यावर ८० अक्षरांच्या २४ ओळी, म्हणजे १९२० अक्षरे. भागाकार केला तर पडदा एकदा भरायला ६४ सेकंद लागतात! (हे उदाहरण वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखे आहे.) अशा परिस्थितीत प्रत्येक आज्ञा एकदोन कळांची हवी आणि एडिटर आटोपशीर हवा, हे ओघानेच आले.

मग जास्तीच्या सोयींचे काय? व्हीआयने त्यांसाठी पुरवणी ठेवली नाही, शेजारधर्म ठेवला. परिच्छेदातल्या ओळी अकारविल्हे लावायच्या आहेत? तेवढा मजकूर युनिक्सच्या 'सॉर्ट' या स्वतंत्र आज्ञावलीकडे पाठवायचा, आणि तिने लावून दिलेल्या ओळी त्याच जागी परत घ्यायच्या. एडिटरला क्रमवारी लावता यायची गरज नाही. शेजाऱ्याला येते, तेवढे पुरे.

म्हणजे १९७० च्या दशकातच दोन उत्तरे तयार झाली. एक म्हणे, एडिटरातच सगळे करता यावे. दुसरे म्हणे, एडिटरने आपले काम करावे, बाकीचे इतरांनी. दोन्ही घराण्यांचे अनुयायी अजून एकमेकांची थट्टा करतात. पण त्या थट्टेत एक गोष्ट नजरेआड होते: दोघांनाही पुरवणी मान्य होती. मतभेद दार कुठे ठेवायचे एवढाच होता.

न सांगता शिकवलेले प्रोग्रॅमिंग

१९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी 'मल्टिक्स' या प्रणालीसाठी इमॅक्स नव्याने लिहिला. या वेळी टेकोच्या क्लिष्ट अक्षरांऐवजी त्यांनी लिस्प ही भाषा वापरली. एडिटर लिस्पचा, आणि त्याच्या पुरवण्याही लिस्पच्याच. स्टॉलमन यांनी पुढे एका भाषणात सांगितलेली हकिकत शिक्षकांनी ऐकावी अशी आहे. ग्रीनबर्ग यांच्या कचेरीतल्या सचिव स्त्रिया या एडिटरात नव्या आज्ञा लिहू लागल्या. एडिटरात भर कशी घालावी याची एक पुस्तिका त्यांना मिळाली होती. हे प्रोग्रॅमिंग आहे, असे मात्र तिच्यात कुठे लिहिलेले नव्हते. आपल्याला प्रोग्रॅमिंग येणार नाही अशी ज्यांची खात्री होती, त्या म्हणूनच बिचकल्या नाहीत.

१९८५ साली स्टॉलमन यांचा 'ग्नू इमॅक्स' आला, आणि आज ज्याला आपण इमॅक्स म्हणतो तो हाच. याची रचना समजून घेण्यासारखी आहे. आत सी भाषेतला गाभा आहे. मजकूर स्मृतीत ठेवणे, तो पडद्यावर दाखवणे आणि लिस्प चालवणे, ही त्याची मुख्य कामे. त्याभोवती बहुतेक सगळे लिस्पमध्ये आहे. त्यामुळे निर्मात्यांनी दिलेली आज्ञा आणि तुम्ही काल रात्री लिहिलेली आज्ञा यांत एडिटर भेद करत नाही. दोन्ही सारख्याच मानाने चालतात, आणि अमुक कळ काय करते असे विचारले तर दोन्हींची माहिती सारखीच दाखवली जाते. इथे पुरवणीचा कागद मुख्य उत्तरपत्रिकेच्याच जातीचा आहे.

आतबाहेर

कागद एकाच जातीचा असल्याने पाने आतबाहेर होऊ लागली. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डोमिनिक यांनी २००३ साली स्वतःची टिपणे आणि कामे नीट लावण्यासाठी 'ऑर्ग' ही पुरवणी लिहिली. ती इतकी उपयोगी ठरली की २००७ साली इमॅक्सच्या २२ व्या आवृत्तीत मूळची झाली. २०१२ साली २४ व्या आवृत्तीत पुरवण्या मिळवण्याची सोयच एडिटरच्या पोटात आली. पुरवणी मागायला आता हात वर करायचा तेवढा उरला. पुढे पुरवण्या इतक्या वाढल्या की त्यांची मांडामांड करण्यासाठी 'यूज-पॅकेज' नावाची आणखी एक पुरवणी निघाली, आणि २०२३ साली २९ व्या आवृत्तीत तीही आत घेतली गेली.

मग सगळेच आत का घेत नाहीत? एक कारण कायद्याचे आहे. ग्नू इमॅक्समध्ये मोठी भर घालणाऱ्याला आपला लेखनहक्क फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला लिहून द्यावा लागतो. एखादी पुरवणी शेकडो हातांनी घडली असेल, तर त्या सर्वांच्या सह्या गोळा करणे हे वर्षांचे काम होते. 'मॅगिट' ही अतिशय लोकप्रिय पुरवणी २०२५ साली आलेल्या ३० व्या आवृत्तीतही बाहेरच राहिली. दुसरे कारण जबाबदारीचे आहे. आत आलेली गोष्ट मूळ लेखक निघून गेला तरी सांभाळावी लागते आणि सहजासहजी काढून टाकता येत नाही. अभ्यासक्रमात एक प्रकरण घालणे किती सोपे आणि काढणे किती अवघड, हे शिक्षकांना आम्ही काय सांगावे!

उलटा प्रयोगही झाला. इमॅक्सचीच एक फुटलेली शाखा होती, 'एक्सइमॅक्स'. १९९८ साली आलेल्या तिच्या २१ व्या आवृत्तीत पुरवण्यांचा मोठा भाग गाभ्यापासून वेगळा काढला गेला. गाभा सडसडीत राहावा आणि ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, हा विचार सुंदर होता. पण एकेक पुरवणी शोधत कोण बसणार? तेव्हा सगळ्या पुरवण्यांचे एकच गाठोडे बांधून द्यावे लागले. त्याचे नाव ठेवले 'सुमो', जपानी महामल्लांवरून! बाहेर काढलेले सामान गाठोड्यात बांधून पुन्हा दारात आले.

आत आणि बाहेर यांत वेगाचाही फरक पडतो. २०१५ साली आलेल्या 'व्हीएस कोड' या एडिटरात कंसांच्या जोड्या रंगवून दाखवणारी एक पुरवणी लाखो लोक वापरत होते. पुरवणी बिघडली तरी एडिटर बंद पडू नये, म्हणून व्हीएस कोडमध्ये पुरवण्या वेगळ्या प्रक्रियेत चालतात. सुरक्षिततेची किंमत अशी की एडिटरने मजकुराचे आधीच केलेले पृथक्करण पुरवणीला मिळत नाही. तिला ते पुन्हा करावे लागते. चाळीस हजारांहून अधिक ओळींच्या एका फाइलीत सुरुवातीला नुसता एक कंस घातला, की रंग जागेवर यायला दहा सेकंदांहून जास्त वेळ लागे. २०२१ साली हेच काम गाभ्यात घेतले गेले. तिथे आधीचे पृथक्करण हाताशी होते, आणि बदललेला भागच तेवढा पुन्हा तपासेल अशी वृक्षासारखी रचना वापरता आली. वेग हजारो पटींनी वाढला. कल्पना पुरवणीची होती. पण ती पूर्णत्वाला जायला गाभ्यातली जागा लागली.

जे पुरवणीत मावत नाही

इथवरच्या सगळ्या उदाहरणांत पुरवणीने काम निदान चालत तरी होते, मग मंद का असेना. आता अशा गोष्टीकडे वळू जी पुरवणीत मावतच नाही: लिपी.

१९६३ साली अमेरिकेत 'आस्की' हे अक्षरक्रमांकांचे प्रमाण ठरले. सात बिटांत १२८ क्रमांक होतात. त्यांतले ९५ छापता येण्याजोग्या खुणांचे. इंग्रजीला ते पुरले. मग 'एक अक्षर म्हणजे एक बाइट' हे एडिटर लिहिणाऱ्यांनी गृहीतच धरले, आणि हे गृहीतक ग्नू इमॅक्सच्या सी भाषेतल्या गाभ्यातही जाऊन बसले. बाहेरून लिस्पमध्ये कितीही सुंदर पुरवणी लिहा, पायातला दगड हलत नव्हता.

जपान्यांची अडचण उघड होती. त्यांच्या प्रमाण संचात सहा हजारांहून अधिक कांजी चिन्हे. ती एका बाइटच्या २५६ क्रमांकांत कशी मावणार? केनइची हांदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाभ्यातच दुरुस्ती केली. १९८७ साली जपानीसाठी 'निमॅक्स' झाला. मग ही मंडळी एक पाऊल पुढे गेली. आपल्यापुरते न पाहता अनेक भाषा एकाच मजकुरात नांदतील अशी रचना त्यांनी केली. तिचे नाव 'म्यूल'. १९९७ साली इमॅक्सच्या २० व्या आवृत्तीत म्यूल मूळचा झाला. त्यातला देवनागरीचा भाग लिहिण्यात ताइची कावाबाता या जपानी गृहस्थांचा मोठा वाटा होता. आपली लिपी या एडिटरात आली ती अशी, दुसऱ्यांनी आपल्या गरजेसाठी रुंद केलेल्या दारातून.

आपल्याकडेही काम चालू होतेच. पुण्याच्या सी-डॅक संस्थेचे 'जिस्ट कार्ड' अनेकांना आठवत असेल. संगणकाची पेटी उघडून हे कार्ड आत खोचले की पडद्यावर भारतीय लिप्या दिसत. हातात धरता येईल अशी ही पुरवणी! भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणही १९८८ आणि १९९१ साली ठरले; १९९१ च्या युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे. इस्कीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. 'कि' लिहिताना आधी क, मग वेलांटी. वेलांटी डावीकडे दाखवणे हे पडद्याचे काम. पण विंडोजमध्ये युनिकोड देवनागरी मूळची यायला २००० साल उजाडले. तोवर बहुतेक लोकांनी सोपी वाट धरली: रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे दाखवणारे अक्षरसंच. बाईंच्या फाइली याच वाटेवरच्या.

गाभा ठरवताना त्या चर्चेत आपण असणे का महत्त्वाचे, ते एका अक्षरावरून दिसेल. १९९१ च्या युनिकोडमध्ये हिंदीच्या पद्धतीचा 'ऍ' होता. 'अ'वर अर्धचंद्र दिलेले मराठीतले स्वतंत्र अक्षर नव्हते. ते २००८ साली आले. तोवर सतरा वर्षे आपण 'अ' टंकून त्याला वरून अर्धचंद्राची पुरवणी जोडत होतो, नाहीतर हिंदीचा 'ऍ' वापरत होतो. 'अ‍ॅसिड' आणि 'अ‍ॅल्युमिनियम' हे शब्द रोज फळ्यावर लिहिणाऱ्यांच्या अक्षराची ही कथा.

बाईंच्या फाइली

त्या फाइलींचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. जुन्या अक्षरसंचाचा छापील तक्ता बाईंच्या कपाटात निघाला. त्यावरून कोणता क्रमांक म्हणजे देवनागरीचा कोणता तुकडा, ही यादी केली आणि ती बदलून देणारी एक छोटी आज्ञावली आम्ही इमॅक्समध्ये लिहिली. नुसती बदली करून भागत नव्हते. त्या फाइलींत सगळे दिसण्याच्या क्रमाने साठवलेले होते. 'किरण'मधली वेलांटी 'क'च्या आधी होती, ती मागे न्यावी लागली. 'उष्णतेचे मार्ग'मधला रफार 'ग'च्या नंतर होता, तो पुढे आणावा लागला. चार रविवार गेले. शेवटी मेणबत्ती आणि ग्लासाच्या प्रयोगाचे टिपण पडद्यावर उमटले. बाईंनी चष्मा पुसून पहिली ओळ वाचली आणि म्हणाल्या, "इथे एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक आहे."

हे काम करता आले, कारण एडिटरने पुरवणीसाठी दार उघडे ठेवले होते. आणि हे काम करावे लागले, कारण लिपी मुळात पुरवणीत ठेवली गेली होती. वादाच्या दोन्ही बाजू आम्हांला त्या चार रविवारांत भेटल्या. नव्या कल्पना बाहेर वाढाव्यात, चुकाव्यात, स्पर्धा कराव्यात. त्यासाठी पुरवणीसारखी जागा नाही. पण ज्या गोष्टीवर बाकी सगळे उभे राहते, ती मागेल त्यालाच मिळेल अशी ठेवून चालत नाही.

एक प्रयोग मुलांना जरूर करायला द्यावा. कोणत्याही एडिटरात युनिकोडमध्ये 'कि' टंका आणि मागे पुसणारी कळ एकदाच दाबा. दिसायला उजवीकडे 'क' आहे, तेव्हा 'क' पुसला जाईल असे मुले म्हणतील. बहुतेक ठिकाणी जाते ती वेलांटी. का, ते मुलांना शोधू द्यावे. आणि मग विचारावे: आपल्या पाठ्यपुस्तकात मुख्य पाठात काय आहे, चौकटीत काय आहे, आणि चौकटीतले किती जणांनी वाचले?